मानदुखी आणि पोश्चर: घाई करू नकोस
अरे, आधी एक डोक्यातून काढ की दिवसभर ताठ बसलं की मान बरी होते, मी सहा महिने तसाच लाकडासारखा बसलो आणि दुखणं उलट वाढलं. डोकं साधारण ४.५ ते ५ किलोचं असतं, ते पुढे झुकलं की मागच्या स्नायूंना सतत ओढून धरावं लागतं, पण खरा त्रास एकाच पोझिशनमध्ये अडकून राहण्याचा, म्हणून दर अर्ध्या तासाने उठ, हल.

व्यायामात चिन टकपासून सुरू कर. हनुवटी खाली नाही दाबायची, सरळ मागे न्यायची, डबल चिन आल्यासारखी (आरशात बघू नकोस, हसू येतं), ५ सेकंद धर, ८-१० वेळा, आधी झोपून मग बसून. जोर लावलास तर गळ्याचे पुढचे मोठे स्नायूच काम करतात आणि आतले, ज्यांना जागं करायचंय ते झोपलेलेच. सोबत खांद्याची पाती मागे-खाली ओढायचा व्यायाम हवाच. फरक दिसायला ६ ते १२ आठवडे धर, मधे एखादा दिवस वाईट जाणारच.

हाताला मुंग्या, पकड सैल होणं, चालताना तोल जाणं असं काही असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरला दाखव.