बायको मुळातच बारीक आहे, बाळही कमी वजनाचं होईल का?

पाचवा महिना चालूय आणि बायको मुळातच बारीक आहे म्हणून विचारताय. होऊ शकतं. पण हे 'मुळातच बारीक' ऐकलं की माझं डोकं सणकतं, कारण माझ्या धाकट्या बहिणीचं बाळ १ किलो ९०० ग्रॅमचं झालं तेव्हा तिच्या सासरचे हेच म्हणत होते, तुमच्याकडची अंगकाठीच तशी.

अंगकाठी कसली! पहिली पोरगी अजून अंगावर पीत होती तेवढ्यात परत दिवस राहिले, हिमोग्लोबिन ८ च्या आसपास, आणि लोहाच्या गोळ्या डब्यात तशाच, का तर गोळ्यांनी बाळ मोठं होतं मग सिझर करावं लागतं. घरातले सगळे पुरुष जेवल्यावर उरलंसुरलं ते हिच्या ताटात. वर मिशरी. सासूबाई तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायच्या, घरभर ठसका, मग ती कुटून डबीत, आणि सकाळी चहाच्या आधी सगळ्या बायका मागच्या दारी बोटाने दातांना घासत बसायच्या, बहिणीला सवय तिथेच लागली. मी बोलले तर म्हणे आम्हाला नाही का झाली पोरं मिशरी लावून, आणि नाही लावली तर पोट साफ होत नाही! अहो, मुंबईतल्या गरोदर बायकांचा अभ्यास २००४ मध्ये छापून आलाय, मिशरी-तंबाखूवाल्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी भरली. आधीच लहान असलेल्या बाळाला १०५ ग्रॅम म्हणजे थोडं नाही.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. याज्ञिकांच्या टीमने जवळच्या खेड्यांत पाहिलंय, पालेभाजी, फळं, दूध जास्त खाणाऱ्यांची बाळं मोठी आणि शेतात-घरात जास्त राबणाऱ्यांची लहान. म्हणजे हंडा कोण उचलतं आणि आधी कोण जेवतं, हा प्रश्न तुमच्या सगळ्या घराचा आहे, एकट्या बायकोचा नाही.

उंची किंवा आधीचं वजन कमी असेल तर धोका असतोच, ते आता बदलत नाही. पण हिमोग्लोबिन आणि बीपी दर तपासणीला बघा, लोहाची गोळी चहासोबत देऊ नका, तंबाखू कुठल्याही रूपात बंद. आणि हो, कधी कधी सगळं नीट असूनही बीपी वाढून किंवा वारेतून रक्त कमी पोचून वजन कमी भरतं, तेव्हा तिला दोष देऊ नका, सोनोग्राफीत वाढ मागे दिसली तर डॉक्टर म्हणतील तसं करा.

घरात कुणी 'आम्ही नाही का केलं' म्हणालंच, तर विचारा, तुमची पोरं जन्मली तेव्हा त्यांचं वजन केलं होतं का कुणी. बहिणीच्या सासूबाईंना मी विचारलं होतं, त्यांना एकाचंही सांगता आलं नाही.