चित्रपट भयपट आहे की नाही, हे नेमके कशावरून ठरते?

प्रश्न असा आहे : ‘चित्रपटाचा प्रकार कशावरून ठरवतात? भूत असले की भयपट, असे धरले तर ‘पछाडलेला’ भयपट ठरतो आणि ‘सायको’ ठरत नाही. मग भयपटाची व्याख्या तरी काय?’

आपण घेतलेली दोन उदाहरणे इतकी नेमकी आहेत की निम्मे उत्तर त्यांतच आले आहे. मी सोलापुरातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. रसविचार शिकवताना दरवर्षी कोणीतरी विद्यार्थी हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिला घोटाळा असा होतो की चित्रपटांचे सगळे प्रकार एकाच मापाने मोजलेले आहेत, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तसे नाही. वेस्टर्न हे नाव स्थळकाळावरून पडले आहे : एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेचा पश्चिम भाग, तिथली ओसाड गावे आणि घोडेस्वार. युद्धपट विषयावरून ओळखला जातो आणि संगीतपट त्याच्या घडणीवरून. भयपट आणि विनोदपट ही नावे मात्र पडद्यावर काय आहे यावरून पडलेली नसून, खुर्चीत बसलेल्या माणसाचे काय होते यावरून पडलेली आहेत. ‘एलियन’ (1979) विज्ञानपट की भयपट, हा वाद म्हणूनच व्यर्थ आहे. अंतराळयान हे त्याचे स्थळ आहे आणि भय हा त्याचा परिणाम आहे. दोन्ही नावे एकाच वेळी खरी असू शकतात.

नाव पुष्कळदा मागाहून येते, हेही लक्षात ठेवावे. जर्मनीत ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी’ 1920 मध्ये आणि ‘नोस्फेराटू’ 1922 मध्ये आला. परंतु ‘हॉरर’ हे प्रकाराचे नाव म्हणून रूढ झाले ते 1931 मध्ये अमेरिकेतील युनिव्हर्सल स्टुडिओचे ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ गाजल्यानंतर.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. परिणामावरून प्रकार ओळखायचा, तर त्यासाठी लागणारी परिभाषा आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात तयार आहे. तिथे आठ रस सांगितले आहेत आणि प्रत्येकाच्या मुळाशी एक स्थायी भाव, म्हणजे शेवटपर्यंत टिकून राहणारी भावना, आहे : हास्याच्या मुळाशी हास, भयानकाच्या मुळाशी भय. याशिवाय तेहेतीस व्यभिचारी, म्हणजे येऊन-जाऊन असणारे, भाव आहेत. ते येतात, स्थायी भावाला बळ देतात आणि निघून जातात. या मापाने पाहिले तर महेश कोठारे यांच्या ‘पछाडलेला’मध्ये भूत असूनही स्थायी भाव हास आहे, भीती येते ती पुढच्या हशाला धार आणण्यापुरती. हिचकॉकच्या ‘सायको’मध्ये (1960) भूत नाही, पण चित्रपट निम्माही झालेला नसताना ज्या नायिकेचा हात धरून आपण कथेत शिरलो तिचाच खून होतो. त्यानंतर कोणाच्या सोबतीने पुढे जावे हे प्रेक्षकाला उरत नाही, आणि मनात जे बसते ते शेवटपर्यंत हलत नाही. तो भयपटच आहे.

त्या तेहेतीस भावांमध्ये एकाचे नाव ‘त्रास’ आहे. आज मराठीत या शब्दाचा अर्थ पार बदलला आहे, पण भरताच्या परिभाषेत त्रास म्हणजे वीज पडणे, उल्का, मेघगर्जना अशा गोष्टींनी एकाएकी बसणारा हादरा. भय वेगळे आणि त्रास वेगळा, हा भेद मला स्वतःला भयपट समजून घेण्यात इतका उपयोगी पडला की तो मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. लहानपणी संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत आम्ही तिकीट काढून भूतबंगल्यात जात असू. अंधारातून एकदम सांगाडा अंगावर यायचा, आम्ही किंचाळायचो आणि बाहेर पडताच हसत हसत भज्यांच्या गाडीकडे पळायचो. तो त्रास होता. बंद पडलेल्या गिरणीच्या लांबच लांब भिंतीकडेने सायंकाळी एकट्याने घरी येताना मात्र काहीही अंगावर येत नसे आणि तरी पाय आपोआप झपाझप पडत. ते भय होते. आजचे अनेक चित्रपट एकाएकी मोठा आवाज करून प्रेक्षकाला दचकवतात आणि तेवढ्यावर भयपट म्हणवून घेतात. माझ्या मते ते पडद्यावरचे भूतबंगलेच आहेत.

भय कशाने उपजते, याचीही यादी भरताने दिली आहे : विकृत आवाज, भुताचे दर्शन, कोल्ह्या-घुबडांची धास्ती, रिकामे घर, अरण्य. रामसे बंधूंची हवेली आणि आपला ओस वाडा यांची पाळेमुळे इतकी जुनी आहेत. पण हे साहित्य मांडले की भयपट झाला, असेही नाही. ‘महल’ (1949), ‘बीस साल बाद’ (1962) आणि ‘वो कौन थी’ (1964) यांत ते सारे आहे. मात्र शेवटी भुतामागे माणूस निघतो आणि तो कोण, या उत्सुकतेनेच आपल्याला खेचत नेलेले असते. म्हणून मी त्यांना रहस्यपट म्हणतो. रहस्यपटात उत्तर मिळताच मन शांत होते, तर भयपटात उत्तर मिळूनही ते शांत होत नाही.

आणखी एक घटक आहे, तो म्हणजे किळस. चार मूळ रसांपासून उरलेले चार निघतात असे नाट्यशास्त्र सांगते आणि त्यात भयानकाचा उगम बीभत्सात, म्हणजे किळसेच्या रसात, दाखवला आहे. गंमत वाटावी इतक्या जवळच्या निष्कर्षाला अमेरिकन तत्त्वज्ञ नोएल कॅरोल 1990 मध्ये पोहोचले : भयकथेतला राक्षस घातक तर असतोच, शिवाय तो अमंगळ, शिवू नये असा असतो. वाघाची भीती वाटते, पण त्याची शिसारी येत नाही. हा राक्षस विज्ञानाला न मानवणारा असावा, अशीही कॅरोल यांची अट आहे. तिच्यामुळे ‘सायको’ त्यांच्या व्याख्येत नीट बसत नाही आणि तेवढ्यापुरता मी त्यांच्याशी सहमत नाही. किळस भयाला कशी जन्म देते हे पाहायचे असेल, तर ‘तुंबाड’ (2018) पाहावा. न थांबणारा पाऊस, साखळदंडाने बांधलेली आजी, देवीच्या गर्भातली ती लाल, ओलसर, धडधडणारी पोकळी आणि तिथे कणकेची बाहुली घेऊन दोरावरून उतरणारा माणूस : यातले काहीही दचकवण्यासाठी नाही. आणि त्या साऱ्याच्या तळाशी लोभ आहे, जो आपल्याही घरात असतो.

ओळखीच्या जागेचे महत्त्व मला दोन चित्रपटांनी शिकवले. राम गोपाल वर्मांचा ‘रात’ (1992) तेलुगूत ‘रात्रि’ या नावाने निघाला होता आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका तेलुगूभाषक पद्मशाली मित्राच्या घरी मी तो तेलुगूतच पाहिला. निम्मे संवाद कळले नाहीत. पण त्यात हवेली नव्हती, आमच्यासारखेच साधे घर होते, आणि न कळलेल्या संवादांनी भीती तसूभरही कमी झाली नाही.

दुसरा विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (2017). गर्भवती बाई, उसाच्या शेतात एकटे उभे असलेले घर, आणि मुलगी नको म्हणून पूर्वी तिथे केलेली पापे. ते पाप भुताहून भयंकर आहे, कारण ते खरोखर घडत आले आहे. आमच्या जिल्ह्यात मोहोळ-पंढरपूरकडे कुठेही निघा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस असतो. जन्मभर पाहिलेले, कधी दखलही न घेतलेले पीक. तो चित्रपट पाहिल्यानंतर काही दिवसांनी मी रात्री मोटारसायकलवरून त्या वाटेने येत होतो. वारा सुटला, पाने एकमेकांवर घासू लागली, आणि मी गाडी थांबवून हेल्मेटची काच पुसायची होती ती न पुसताच तसाच पुढे आलो.