सायटेशनच्या आकड्यांवरून आघाडीचे पर्यावरणशास्त्रज्ञ ठरवता येतात का? तीन याद्यांत तीन वेगळी नावं का येतात?

ठरवता येतात (सायटेशन म्हणजे एखाद्या पेपरचा इतर पेपरांनी दिलेला संदर्भ), पण क्रमांक बघण्याआधी त्या माणसाला कुठल्या कप्प्यात टाकलंय ते बघा. तुम्ही लिहिलंय की पीएचडीसाठी गाइड शोधताना तीन याद्या उघडल्या, तिन्हींत वरची नावं निराळी निघाली, मग खरी कुठली? तिन्ही खऱ्या आहेत. संशोधकांच्या सायटेशनचे तक्ते काढून देणं हे माझं ग्रंथालयातलं रोजचं काम, म्हणून जरा खोलात जाऊन सांगतो.

सूत्रावरून लोक सगळ्यांत जास्त भांडतात, तेव्हा ते आधी उरकू. एच-इंडेक्स भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ मध्ये मांडला. प्रत्येकी किमान १० सायटेशन असलेले १० पेपर असतील, तर एच-इंडेक्स १०. आता समजा, एका संशोधकाच्या पाच पेपरांना ९०, ४०, १२, ५ आणि ४ सायटेशन आहेत. एकूण १५१, पण एच-इंडेक्स ४. दुसऱ्याच्या पाच पेपरांना ८, ७, ६, ६, ६. एकूण फक्त ३३, तरी एच-इंडेक्स ५. एकूण सायटेशनवर यादी लावली तर पहिला वर, एच-इंडेक्सवर लावली तर दुसरा. शिवाय हा आकडा कधी खाली येत नाही, माणूस निवृत्त झाला तरी वाढतच राहतो. गाइड शोधणाऱ्याने हे विसरू नये.

खरी गोम मात्र पुढे आहे. पर्यावरणशास्त्रज्ञ म्हणायचं कुणाला? वेब ऑफ सायन्स हा संशोधनाचा डेटाबेस चालवणारी क्लॅरिव्हेट कंपनी दरवर्षी जी अतिउद्धृत संशोधकांची यादी काढते, तिच्यात पर्यावरण आणि परिसंस्थाशास्त्र मिळून एकच गट आहे, भूविज्ञान वेगळं. त्यामुळे हवामानावर आयुष्य घालवलेला माणूस बहुतेक वेळा भूविज्ञानात सापडतो. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन आयोनिडिस यांची स्कोपस या डेटाबेसच्या आकडेवारीवर बेतलेली यादी (तीच ती, जिचा 'स्टॅनफर्डचे टॉप २ टक्के' म्हणून गाजावाजा होतो) २२ मोठी क्षेत्रं आणि १७४ उपक्षेत्रं मानते. तिथे परिसंस्थाशास्त्र जीवशास्त्राखाली येतं, पर्यावरण अभियांत्रिकी अभियांत्रिकीखाली, आणि 'पर्यावरणशास्त्र' हे उपक्षेत्र पृथ्वी व पर्यावरण विज्ञानाखाली. म्हणजे नदीचं प्रदूषण तपासणारे तिघे जण तीन कप्प्यांत जाऊ शकतात. कुणी काय काम केलं यापेक्षा कुठल्या जर्नलमध्ये छापलं यावर हे ठरतं.

कप्पा बदलला की शर्यतच बदलते. सांडपाण्यातला रंग शोषून घेणारा नवा पदार्थ बनवणारा रसायनशास्त्रज्ञ आणि एखाद्या पाणथळ जागेतले पक्षी वर्षानुवर्षं मोजणारा माणूस, दोघेही पर्यावरणाच्या जर्नलमध्ये लिहितात. पहिल्याच्या विषयात पेपर भराभर येतात, संदर्भांच्या याद्या लांबलचक असतात आणि छापल्यापासून वर्ष-दोन वर्षांत सायटेशनचा पाऊस पडतो. दुसऱ्याचा पेपर कदाचित दहा वर्षांनीही कुणीतरी उघडेल, पण उघडणारे मोजकेच असतील. दोघांना एका रांगेत उभं केलं तर पुढे कोण असेल हे सांगायला सूत्र लागत नाही. काही 'आघाडीच्या पर्यावरणशास्त्रज्ञां'च्या याद्यांत शोषक आणि उत्प्रेरकवाले इतके का दिसतात, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

सहलेखकांचाही घोळ असतोच. हवाप्रदूषणाने होणाऱ्या मृत्यूंचे अंदाज ज्यात येतात त्या जागतिक रोगभाराच्या पेपरांवर शेकडो नावं असतात, आणि साध्या एच-इंडेक्सला त्यातल्या प्रत्येकाचं श्रेय पूर्ण वाटतं. आयोनिडिस यांच्या गुणांकात यावर तोडगा काढायचा प्रयत्न आहे. एकूण सायटेशन आणि एच-इंडेक्स यांच्या जोडीला सहलेखकसंख्येनुसार दुरुस्त केलेला एच-इंडेक्स घेतात, आणि माणूस एकटा, पहिला किंवा शेवटचा लेखक होता त्या पेपरांची सायटेशन वेगळी धरतात. कल्पना चांगली आहे. पण पर्यावरणाचे अर्थशास्त्रज्ञ बहुधा आडनावांच्या वर्णक्रमाने नावं लावतात. तिथे पहिला कोण याला काय अर्थ राहिला?

मोजणी कुठल्या डेटाबेसमध्ये होते तेही बघा. गुगल स्कॉलर प्रबंध, अहवाल, काय वाट्टेल ते मोजतं, म्हणून तिथला आकडा जवळजवळ नेहमीच मोठा. वेब ऑफ सायन्स निवडक जर्नलच घेतं, आणि काढूनही टाकतं. केमोस्फिअर हे पर्यावरण रसायनशास्त्रातलं मोठं जर्नल डिसेंबर २०२४ मध्ये तिथून बाहेर गेलं. त्यात भरपूर छापणाऱ्यांना त्याचा फटका बसणारच.

आणि काही काम या हिशेबात नीट बसतच नाही. अंटार्क्टिकावरचा ओझोन घटत असल्याचा जोसेफ फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांचा पेपर १९८५ मध्ये नेचरमध्ये आला आणि दोनच वर्षांत ओझोन वाचवण्यासाठीचा माँट्रियल करार झाला. त्या पेपराला सायटेशन रग्गड मिळाली, तो प्रश्न नाही. पण तो उभा राहिला अंटार्क्टिकातल्या ब्रिटनच्या हॅली तळावर १९५० च्या दशकापासून चालत आलेल्या मोजणीवर. हिवाळाभर तिथे राहून उपकरण चालवणाऱ्यांची नावं लेखकांत नाहीत, आणि कुठल्याच यादीत असणार नाहीत. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ या ज्वालामुखीवर कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. आज तो आलेख इतका सर्वपरिचित आहे की पुष्कळ जण मूळ पेपरचा संदर्भ न देताच तो वापरतात. उलट दिशेचं उदाहरण म्हणजे आकडेवारीची साधनं. एलएमई-फोर (lme4) या संख्याशास्त्रीय संगणकीय पॅकेजचा २०१५ चा पेपर परिसंस्थाशास्त्रात जागोजागी उद्धृत होतो. उपयुक्त आहे, वाद नाही. पण तो जंगलाबद्दल किंवा नदीबद्दल काहीच सांगत नाही.

आता तुमच्या कामाचं. आयोनिडिस यांच्या यादीची एक्सेल फाइल मोफत उतरवता येते. तिचे दोन तक्ते असतात, एक संपूर्ण कारकिर्दीचा आणि एक एका वर्षाचा. तुम्ही वर्षाचा घ्या. नावासमोर दोन उपक्षेत्रं दिलेली असतात, ती आधी वाचा. मग स्वतःच्याच सायटेशनची टक्केवारी बघा आणि ती वगळून काढलेला क्रमांक कितीने घसरतो ते पाहा. त्याच उपक्षेत्रातल्या इतरांपेक्षा टक्केवारी दुप्पट-तिप्पट असेल, तर ते पेपर उघडून कोण कुणाला उद्धृत करतंय ते तपासा. मोठ्या मोहिमांत वर्षानुवर्षं एकच विदासंच वापरणाऱ्यांची टक्केवारी सरळ कारणानेही वाढते, तेव्हा लगेच चोर ठरवू नका.

यातून दहा-बारा नावं हाती आली की यादी बंद करा. प्रत्येकाचे गेल्या पाच वर्षांतले पेपर काढा आणि पहिला लेखक त्यांचा विद्यार्थी आहे का ते बघा. ते विद्यार्थी पुढे कुठे गेले तेही शोधा, आणि त्यातल्या दोघा-तिघांना मेल टाका. गाइड मेलला उत्तर देतात का, मसुदा किती दिवसांत वाचतात, हे तेच सांगू शकतील.