मे महिन्यात चोवीस तास गणितं : वाचकांचे प्रश्न

संगणकाचा रिकामा वेळ ‘बॉइंक’ किंवा ‘फोल्डिंग अ‍ॅट होम’ या सॉफ्टवेअरमार्फत संशोधनाला देणाऱ्या वाचकांचे उन्हाळी प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. गेम दोन तासांत संपतो. ही गणितं मात्र प्रोसेसरच्या सगळ्या कोअरवर, म्हणजे गणितं करणाऱ्या भागांवर, रात्रंदिवस चालतात, त्यामुळे एरवी खपून जाणारी गारव्यातली कसर इथे लगेच उघडी पडते.

प्रश्न : रायझन 7 5800एक्स प्रोसेसरवर बॉइंक चालू केलं की तापमान 90 अंशांना टेकतं आणि वेग पडतो. हिवाळ्यात ते 78च्या आसपास असायचं. वॉटर कूलिंग घ्यावं का? (अकोला)

आधी खोलीत थर्मामीटर ठेवा, तोही कॅबिनेटच्या पुढच्या जाळीजवळ. खोलीची हवा जितके अंश वाढते, जवळजवळ तितकेच अंश प्रोसेसरही वाढतो. हिवाळ्यातले 26 अंश आता 38 झाले असतील, तर तुमच्या 12 अंशांचा हिशेब तिथेच लागला. वॉटर कूलिंगही शेवटी त्याच खोलीतल्या हवेत उष्णता सोडतं. हवा 38 अंशांची असेल तर पाणी त्याखाली जाणार नाही. शिवाय प्रोसेसरवर उभ्या बसणाऱ्या टॉवर कूलरचा पंखा मदरबोर्डवरच्या व्हीआरएमवरही (प्रोसेसरला लागणारं व्होल्टेज पुरवणाऱ्या भागावर) थोडी हवा टाकत असतो. वॉटर कूलिंग बसवलं की ती हवा बंद होते, आणि पूर्ण भार सतत सोसणाऱ्या यंत्रात हे महागात पडू शकतं.

पैसे खर्च करण्याआधी वॅट कमी करा. हा प्रोसेसर 105 वॅटचा म्हणून विकला जातो, पण त्याची पीपीटी, म्हणजे सॉकेटमधून घ्यायच्या विजेची मर्यादा, 142 वॅट आहे आणि बॉइंक ती पुरेपूर वापरतं. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हच्या पानावर ‘इको मोड’ असेल तर 65 वॅटचा पर्याय निवडा. नसेल तर मर्यादा हाताने भरा : पीपीटी 88 वॅट, टीडीसी (सतत घ्यायच्या करंटची मर्यादा) 60 अँपिअर, ईडीसी (क्षणभराच्या करंटची मर्यादा) 90 अँपिअर. वीज साधारण 38 टक्क्यांनी उतरते, पण वेग सहसा त्याच्या निम्म्यानेही उतरत नाही. शेवटचे काही मेगाहर्ट्झ गाठायला व्होल्टेज बरंच चढवावं लागतं आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे त्यामागचं कारण. खात्री करायची तर एकाच प्रकल्पाच्या, एकाच प्रकारच्या कामांना बदलाआधी आणि बदलानंतर किती वेळ लागतो ते ताडून पाहा.

बायोसला हात लावायचा नसेल, तर बॉइंकच्या ‘कंप्युटिंग प्रेफरन्सेस’मध्ये वापरायच्या कोअरची टक्केवारी 75 करा. त्याच पानावर ‘सीपीयू टाइम’ची टक्केवारीही असते. ती मात्र 100च राहू द्या. ती कमी केली की बॉइंक काम काही क्षण चालवतं, काही क्षण थांबवतं. तापमान सतत वरखाली होतं आणि पंखाही त्याच्याबरोबर घुमत-मंदावत राहतो.

‘डेली शेड्यूल्स’मध्ये रात्री 10 ते सकाळी 9 एवढीच वेळ देता येते. वेळ कमी केलीत तर बॉइंक जितक्या दिवसांचं काम आगाऊ उतरवून साठवतं ते दिवसही कमी करा, नाहीतर मुदत उलटून गेलेली कामं परत जातील.

प्रश्न : प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट नवी लावली, तरी बॉइंक सुरू होताच तापमान 100. पेस्ट खराब असेल का? (सांगली)

किती वेळात 100 होतं, यावरून दोष ओळखता येतो. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आलेख उघडा आणि काम सुरू करा. पाच-दहा सेकंदांत मर्यादा गाठली तर हीटसिंक (कूलरचा धातूचा भाग) प्रोसेसरला नीट टेकलेलाच नाही. अर्धा तास हळूहळू चढत गेलं, तर कॅबिनेटमधली गरम हवा बाहेर पडत नाही.

तुमचं लक्षण पहिलं आहे. इंटेलच्या प्रोसेसरबरोबर डब्यात येणाऱ्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. त्यातली एक अर्धवट बसणं हा नेहमीचा दोष. मदरबोर्ड बाहेर काढून मागून पाहा, चारही खुंट्यांची टोकं सारखी बाहेर आलेली दिसली पाहिजेत. बसवताना समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या जोडीने दाबा. कूलर नवा असेल तर तळाची पारदर्शक फिल्म सोललीत ना, तेही बघा. हसू नका, हे पुष्कळदा घडतं. कूलर उचलला की पेस्ट पुन्हा लावावीच लागते : जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, मधोमध मटारच्या दाण्याएवढी नवी ठेवायची, बोटाने पसरवायची नाही.

प्रश्न : डेझर्ट कूलरची हवा सरळ कॅबिनेटवर सोडली तर चालेल का? ओल धरेल अशी भीती वाटते. (चंद्रपूर)

कूलर चालेल, सरळ झोत नको. चालू संगणकाचे भाग खोलीपेक्षा गरम असतात, म्हणून त्यांच्यावर दव धरत नाही. भीती आहे ती उडणाऱ्या तुषारांची. बोअरच्या पाण्यातले क्षार त्या थेंबांबरोबर बोर्डवर आणि पंख्यांत बसतात. कूलर खिडकीत, संगणक झोताच्या बाजूला, आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं. खोली बंद असेल तर दमटपणा साठत जातो आणि कूलरचा गारवाच संपतो. पावसाळा लागला की हवेतच ओल असते, तेव्हा कूलरचा फारसा उपयोग नाही. कूलर आणि संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. दोन्हींना पक्कं अर्थिंग हवं.

प्रश्न : आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्डवर फोल्डिंग चालवतो. कार्ड 72 अंशांवर स्थिर आहे, पण खोली भट्टी झाली आहे. पंखे वाढवू का? (ठाणे)

नको. तुमचं कार्ड ठीक आहे. कॅबिनेटचे पंखे उष्णता कॅबिनेटमधून खोलीत आणतात, खोलीबाहेर नेत नाहीत. भिंतीतून घेतलेला प्रत्येक वॅट शेवटी खोलीतच उष्णता होऊन उतरतो. अख्खा संगणक 280 वॅट घेत असेल तर दिवसाला 6.7 युनिट वीज जाते आणि खोलीत तेवढ्या वॅटचा हीटर चालू राहतो. एक टनाचा एसी सुमारे 3,500 वॅट उष्णता ओढतो. त्यातला बारावा हिस्सा संगणकापायी जातो, आणि त्याचं वीजबिल वेगळं.

एमएसआय आफ्टरबर्नर या ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पॉवर लिमिट’ 70 टक्के करा. या कार्डाची मूळ मर्यादा 170 वॅट आहे, ती 119वर येईल. विंडोज सुरू होताना हीच मांडणी लागू व्हावी म्हणून तिथली खूणही करून ठेवा. एसी नसेल तर खिडकीत एक्झॉस्ट फॅन बसवा. छताचा पंखा अंगावरचा घाम वाळवतो, खोलीतली उष्णता बाहेर टाकत नाही.

प्रश्न : लॅपटॉपवर बॉइंक चालवावं का? तापमान 97 अंश दाखवतो. (पुणे)

चालवू नये, असंच आम्ही सांगू. चालवायचंच असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ 99 टक्के करा. बहुतेक लॅपटॉपवर एवढ्यानेच टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो आणि तापमान बरंच खाली येतं. कोअर निम्मे ठेवा, लॅपटॉपची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला, गादीवर कधीही ठेवू नका. उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती लावा. गरम आणि कायम पूर्ण भरलेली बॅटरी लवकर फुगते. टचपॅड वर आल्यासारखं वाटलं तर लॅपटॉप त्याच दिवशी बंद करून दुरुस्तीला द्या.

प्रश्न : कॅबिनेटचं झाकण काढून टेबल फॅन लावला तर? (जळगाव)

एखाद-दोन दिवस चालेल. तापमान खरोखर उतरलं, तर त्याचा अर्थ कॅबिनेटला हवा पुरत नाही असा घ्या : पुढे 120 मिलिमीटरचे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, एवढं पुरतं. उघडं ठेवलंत तर धूळ थेट हीटसिंकच्या पात्यांत बसेल. धूळ ब्लोअरने उडवा, पंख्याचं पातं बोटाने धरून. मोकळं सोडलं तर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नेऊ नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

प्रश्न : जास्त तापल्याने गणिताचं उत्तर चुकतं का? (बेळगाव)

मर्यादेच्या आत असताना सहसा नाही, प्रोसेसर आधी वेग कमी करतो. ओव्हरक्लॉक केलेलं, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेलं, यंत्र तापलं तर मात्र चुका येतात. बॉइंकच्या अनेक प्रकल्पांत तेच काम दोन संगणकांना देऊन उत्तरं ताडली जातात. तुमच्या खात्याच्या पानावर ‘इनव्हॅलिड’ कामांची संख्या उन्हाळ्यात वाढताना दिसली, तर ओव्हरक्लॉक काढा. मेमरी जास्त वेगाने चालवणारं एक्सएमपी प्रोफाइलही त्यातच येतं, तेही एकदा बंद करून पाहा.