जिम लावली की पंधरा दिवसांत सुटते, हळू व्यायाम केला तर चालतो का?
चालतो की, उलट सुरुवातीला तोच टिकतो. बहुतेकजण पहिल्याच दिवशी ट्रेडमिलवर जीव खाऊन पळतात, मग दम इतका लागतो की धड बोलता येत नाही, आणि त्या लेव्हलच्या वर गेलं की जवळपास सगळ्यांनाच ते नकोसं वाटतं, संपल्यावर बरं वाटतं हे खरं पण सकाळी गजर वाजला की आठवतो तो त्रासच. मी पर्वती चढताना एकच बघतो, गप्पा मारता येतायत ना (गाणं म्हणता आलं तर मात्र फारच निवांत चाललंय). शेवटची पाच मिनिटं मुद्दाम हळू करा, म्हणजे मागे आठवण त्रासाची राहत नाही. डब्ल्यूएचओ पण आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, जोराचा असेल तर ७५. काहींना जोराचाच आवडतो, त्यांनी खुशाल करावा.