पहिल्या बिस्मार्कला गंज बेतानेच
बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेचं १/३५० मापाचं मॉडेल घेतलंस, छान केलंस! पण पितळी पत्र्याचे सगळे भाग पहिल्याच जहाजाला लावू नकोस. कठडे आणि शिड्या पुरेत. काचेवर ठेवून नव्या ब्लेडने काप, सुपरग्लू टाचणीच्या टोकाने लाव. थेट ट्यूबमधून लावलास की पांढरट डाग पडतात. बहुतेकांचं इथेच चुकतं.

गंजाच्या बाबतीत हात आवर. या मापात १ मिमी म्हणजे खरे ३५ सेंमी. शिवाय बिस्मार्क ऑगस्ट १९४० मध्ये नौदलात आली आणि २७ मे १९४१ ला बुडाली. नऊ महिन्यांत किती गंजणार? नांगराखाली फिकट ओघळ पुरे.

- कठडे सुटे असतानाच रंगव, चिकटव अगदी शेवटी.
- वॉशआधी (म्हणजे पातळ गडद रंगाचा हात देण्याआधी) ग्लॉस वार्निश, नंतर मॅट.

जहाजाच्या दोऱ्यांचं पुढे बघू. पहिला कठडा लागला की फोटो टाक.