मशीनची बॅटरी गेली की कापूस अडकला?

प्रश्न : ताई नमस्कार. मुलाने दिवाळीत पुण्याहून येताना चार्जिंगवर चालणारी झाडायची मशीन आणली. पुढच्या दोन खोल्यांत टाईल्स आहेत, माझी कंबर धरते, म्हणून आणली बिचाऱ्याने. दोन महिने मस्त चालली. आता पाच मिनिटं घर्र घर्र करते आणि बंद पडते, हात लावला तर खालून गरम लागते. तालुक्याच्या दुकानदाराने न उघडताच सांगितलं की बॅटरी गेली, नवी टाका. भाव पडलेला आहे म्हणून पुढच्याच खोलीत कापूस भरून ठेवलाय, त्यामुळे रोज झाडावं लागतंच. टाकू का बॅटरी?
(एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : थांबा बाई, पैसे काढू नका अजून. पत्रातली कामाची गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिली, खोलीत कापूस भरलाय ही.

ही मशीन म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर नाही, ती हवा ओढत नाही. खाली एक ब्रशचा रूळ असतो, तो गरगर फिरतो आणि कचरा उचलून मागच्या ट्रेमध्ये फेकतो, बस एवढंच. धूळ, सरकी, पोळीचे तुकडे आरामात जातात पण लांब तंतू काही ट्रेपर्यंत पोचत नाही, तो रुळालाच गुंडाळतो. कापसाचा धागा इंचभराचा पण आपल्या डोक्याचे केस त्यात मिसळले की त्याची चांगली सुतळी होते. मग रूळ जड फिरतो, मोटर जास्त करंट ओढते, गरम होते आणि आतलं सर्किट तिला वाचवायला बंद करून टाकतं. आपल्याला वाटतं बॅटरी गेली.

आता घरीच पाहा. बटण बंद करा, मशीन उलटी करा, रूळ काढा (बहुतेक मशीनला बाजूला एक खटका असतो) आणि बोटं दूर ठेवून रुळाशिवायच चालू करा. चांगली वीस मिनिटं एकसारखी चालली तर दोष बहुधा बॅटरीत नाही, रुळात आहे, दुकानदाराला रामराम करा. तशीही पाच मिनिटांत मेली तर मात्र तो बहुधा खरं बोलला.

माझ्या मशीनचं मागच्या जानेवारीत हेच झालं. वरून ब्रश स्वच्छ दिसत होता, दोष होता दोन्ही टोकांना. तिथली टोपी ओढून काढली तर आत कापसाचं कडं बसलेलं, नमद्यासारखं घट्ट, नखाने निघेना. शिवण उसवायचं जे टोकदार पातं असतं ना, त्याने आडवं कापत गेले आणि एका बाजूचं अख्खं कडं अंगठीसारखं हातात आलं. ब्रशचे केस मात्र कापू नका, पातं रुळाच्या लांबीने दोन ओळींच्या मधून चालवा. आणि साफ झाल्यावर खोबरेल तेल सोडायचा मोह होतो, तो आवरा, तेलावर धूळ बसून आठ दिवसांत काळा चिखल होतो. कापूस घरात आहे तोवर दर आठवड्याला रूळ काढा, कापूस विकला की महिन्यातून एकदा पुरे.

आणि खरंच बॅटरी बदलायची वेळ आली तर लेबल वाचून तीच जात घ्या. निकेलच्या जागी लिथियम बसवून जुनाच चार्जर लावायचा उद्योग काही मेकॅनिक करतात, त्याने पेट घेऊ शकते. यात काटकसर नको.

प्रश्न : आमच्याकडे लाईनचा भरवसा नाही, आली की लावून ठेवतो चार्जिंगला, दिवसभर राहते. घर टिनाचं आहे. चालते का?
(अकोला जिल्हा)

उत्तर : हिवाळ्यात चालून जाईल, पण मे महिन्यात टिनाखाली दुपारी नको. लिथियमच्या बहुतेक सेलना चार्जिंग 45 डिग्रीपर्यंतच चालतं आणि अकोल्याचा पारा बाहेरच तिथवर जातो, टिनाखाली तर विचारूच नका. रात्री उशिरा किंवा पहाटे लावा, भरली की काढा. लिथियमला पूर्ण संपवून मगच चार्ज करायची गरज नाही, ते जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातलं डोक्यात बसलेलं आहे. महिनाभर गावाला जाणार असाल तर अर्धी भरून गार खोलीत ठेवा. ॲडाप्टरवर इनपुट 100 ते 240 व्होल्ट लिहिलेलं असेल तर कमी दाबाच्या लाईनवरही तो चालतो.

लाईनचा अगदीच वैताग असेल तर बिनबॅटरीचीही मशीन असते बरं का, ढकललं की चाकांवर ब्रश फिरतो. अमेरिकेत मिशिगनच्या मेल्व्हिल बिसेल यांनी 1876 मध्ये तशा मशीनचं पेटंट घेतलं, 1889 मध्ये ते वारले आणि पुढे कारखाना त्यांच्या बायकोने, ॲनाने चालवला. म्हणजे आपल्या हातातली ही वस्तू काही कालची नाही.

प्रश्न : सारवलेल्या सपरीत आणि अंगणात चालेल का?

उत्तर : नाही. सारवणाचे पोपडे निघतात, कुटाराच्या काड्या ब्रशमध्ये अडकतात, आणि सडा टाकलेल्या ओल्या जागेवर फिरवली तर ट्रेमध्ये गारा होतो. तिथे फडा आणि खराटाच बरा. फरशीवरही पाणी सांडलं असेल तर आधी पुसा.

प्रश्न : सासूबाई म्हणतात दिवे लागल्यावर झाडू नये, मशीनलाही तोच नियम का? आणि लक्ष्मीपूजनाला नव्या फड्याची पूजा करतो, आता मशीनची करायची का?
(वर्धा जिल्हा)

उत्तर : दिवेलागणीचं सासूबाईंशी मी भांडणार नाही, तुम्हीही भांडू नका, उजेडातच फिरवून घ्या, तसंही अंधारात कोपऱ्यातला कचरा दिसत नाही आणि पडलेली कानातली तेवढी ट्रेमध्ये जाते. (माझी गेली होती. ट्रे उकिरड्यावर झटकायच्या आधी बोटाने चाळला म्हणून सापडली.) पूजा खुशाल करा. फक्त हळद-कुंकू वरच्या दांड्याला लावा, चार्जिंगची पिन जाते त्या भोकाजवळ नको, आणि पाणी तर शिंपडूच नका.